यंत्राचे झाकण कोण उघडणार?

जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत दुपारच्या वेळी क्षणभर उभे राहून पाहावे. एखादी संशोधक विद्यार्थिनी ओट्यापाशी पाठ वाकवून बसलेली दिसेल. तिच्या हातात पिपेट असते, समोर तळहाताएवढी पारदर्शक प्लेट असते आणि त्या प्लेटमध्ये आठ आडव्या व बारा उभ्या ओळींत मिळून ९६ बारीक खाचा असतात. प्रत्येक खाचेत द्रवाचा थेंब, बहुधा थेंबाचाही काही अंश, मोजून सोडायचा असतो. अंगठ्याने खटका दाबायचा, सोडायचा, टोकाची प्लॅस्टिकची टिप बदलायची आणि पुन्हा दाबायचा. चार वेगवेगळी द्रव्ये घालायची असली, तर एका प्लेटसाठी हीच क्रिया ३८४ वेळा होते. मध्येच कोणी हाक मारली, तर आपण बावन्नाव्या खाचेत होतो की त्रेपन्नाव्या, हे आठवेनासे होते. दिवस संपतो तेव्हा अंगठ्याचे मूळ ठणकत असते आणि मनात शंका उरलेली असते. बुद्धिमान तरुणांच्या आयुष्यातील किती तास या एका हालचालीत खर्ची पडतात, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

हे काम यंत्राला सांगता येते. जगात अशी यंत्रे अनेक दशकांपासून आहेत आणि आपल्याकडील मोठ्या संस्थांतही ती आहेत. म्हणून यंत्र असावे की नसावे, हा आजचा प्रश्न उरलेला नाही. यंत्र घेतल्यावर त्याचे झाकण उघडण्याचा अधिकार कोणाला, त्याच्या आत काय चालते हे कोणाला ठाऊक आणि ते बिघडले तर कोणाच्या दारी जाऊन उभे राहायचे, हा खरा प्रश्न आहे. द्रव मोजून वाटणारे स्वस्त, मुक्त-स्रोत रोबो गेल्या दशकभरात जगात तयार झाले. त्यांच्याकडे केवळ स्वस्तातला माल म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. त्यांचे मोल त्यांच्या उघडेपणात आहे आणि तो उघडेपणा हाती स्क्रू-ड्रायव्हर घेणाऱ्यालाच उपयोगी पडतो.

गरज ज्याची, हत्यार त्याचे

थोडे मागे वळून पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेत काचेची नळी तोंडात धरून द्रव ओढला जाई. आम्ल असो वा रोग्याचे रक्त, मोजण्याची रीत हीच होती. त्यात कित्येकांच्या तोंडात नको ते गेले. १९५७ साली जर्मनीतील मारबुर्ग येथे हाइनरिख श्निट्गर नावाच्या संशोधकाला हे काम असह्य झाले. त्याने दट्ट्या आणि स्प्रिंग यांची जुळणी करून स्वतःपुरते एक हत्यार बनवले. दट्ट्या हवेला ढकलतो, मागे येताना हवा द्रवाला ओढते आणि द्रवाचा स्पर्श फक्त टोकाच्या टिपला होतो. आजही बहुतेक मायक्रोपिपेट याच तत्त्वावर चालतात. पुढे हॅम्बर्गच्या एपेंडॉर्फ कंपनीने त्याचे उत्पादन केले.

प्लेटची कथाही अशीच आहे. १९५१ साली हंगेरीत इन्फ्लुएन्झाच्या तपासण्या करताना साहित्याची चणचण होती. डॉ. ग्युला ताकाची यांनी परीक्षानळ्यांची वाट पाहत बसण्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात स्वतः खाचा कोरल्या. त्या प्लेटमध्ये बाराच्या सहा ओळी होत्या. पुढे बाराच्या आठ ओळींची प्लेट रूढ झाली आणि २००४ साली तिच्या मापाचे सर्वमान्य प्रमाण ठरले. लांबी १२७.७६ मिलिमीटर, रुंदी ८५.४८ मिलिमीटर आणि दोन खाचांच्या मध्यांतील अंतर ९ मिलिमीटर. प्लेट कोणत्याही देशात, कोणत्याही कारखान्यात बनलेली असो, माप हेच. हे प्रमाण सर्वांसाठी खुले आहे, म्हणूनच एका कारखान्याची प्लेट दुसऱ्याच्या यंत्रात बसते.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आधुनिक जीवशास्त्राची ही दोन मूलभूत साधने गरज सोसणाऱ्यांच्या हातून, त्यांच्याच ओट्यावर जन्मली. कारखाना नंतर आला. आज आपल्या प्रयोगशाळांत हा क्रम उलटा झाला आहे. साधन दुसऱ्याने ठरवायचे आणि आपली गरज त्या साधनाच्या मापाने कापून घ्यायची, ही आपली सवय झाली आहे.

पांघरूण घातलेले यंत्र

मी जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवली. काही वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून एका महाविद्यालयात गेलो असताना तेथील प्राध्यापकांनी मोठ्या अभिमानाने आपली नवी प्रयोगशाळा दाखवली. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झाकलेले होते. विचारले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तो द्रव वाटणारा परदेशी रोबो होता. मोठ्या अनुदानातून आणलेला, उद्घाटनाला हारतुरे झालेला. दोन वर्षे तो उत्तम चालला. मग त्याच्या बाहूतील एक लहानसा भाग निकामी झाला. हमीचा काळ संपला होता. वार्षिक देखभाल कराराची रक्कम विभागाच्या वर्षभराच्या रसायनखर्चाहून अधिक होती. अनुदान यंत्राच्या खरेदीसाठी मिळाले होते, दुरुस्तीसाठी त्यात तरतूद नव्हती. त्याच आवारात यंत्र अभियांत्रिकीचा विभाग होता. तेथील प्रयोगशाळा साहाय्यकाने तो भाग पाहून दोन दिवसांत करून देतो म्हटले होते. पण झाकण उघडले तर कंपनी पुढे हात लावणार नाही, या भीतीने कोणी परवानगी दिली नाही. यंत्र झाकलेलेच राहिले. त्याच्या शेजारच्या ओट्यावर एक मुलगी अंगठ्याने पिपेट दाबत बसली होती.

ही एका महाविद्यालयाची निंदा नव्हे. ज्याने प्रयोगशाळा चालवली आहे, त्याला असे एखादे पांघरूण आठवेलच. प्राध्यापक आळशी नव्हते, कंपनीनेही करार मोडला नव्हता. जो तो आपल्या नियमाने योग्यच वागला आणि तरीही लाखो रुपयांचे यंत्र धूळ खात पडले. असे होते तेव्हा दोष माणसांपेक्षा व्यवस्थेत शोधावा लागतो. बंद यंत्राची किंमत खरेदीच्या दिवशी संपत नाही. सुटे भाग त्याचेच, तंत्रज्ञ त्याचा, आज्ञावली त्याची, पुष्कळदा टिपसुद्धा त्याच्याच. आपण यंत्र विकत घेतले असे समजतो. वस्तुतः आपण एक अवलंबित्व विकत घेतलेले असते.

मुक्त आराखड्याची वाट

या अवलंबित्वाविरुद्धची पहिली ठिणगी एका छपाईयंत्रामुळे पडली, हे मोठे सूचक आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत भेट म्हणून आलेले लेझर प्रिंटर वारंवार अडकत असे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकला की तशी सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र त्यांना कोणी दाखवीना. समस्या समोर आहे, उपाय ठाऊक आहे, पण हात बांधलेले आहेत, या अनुभवातून त्यांचा मुक्त आज्ञावलीचा विचार पक्का झाला आणि १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली.

आज्ञावलीचा हा न्याय यंत्राला लावण्याचे मोठे काम इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बॉयर यांनी २००५ साली हाती घेतले. स्वतःचेच पुष्कळसे भाग छापू शकेल असा थ्रीडी प्रिंटर बनवायचा आणि त्याचा आराखडा जगाला देऊन टाकायचा, असा त्यांचा रेपरॅप प्रकल्प होता. २००९ साली या छपाईतंत्राचे एक मुख्य पेटंट संपले आणि पाहता पाहता हे प्रिंटर महाविद्यालयांच्या आवाक्यात आले.

आता जरा विचार करा. थ्रीडी प्रिंटर म्हणजे काय? डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांना अचूक सरकणारा एक बाहू. त्याला ओढणारे दातेरी पट्टे, पायरीपायरीने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी आणि कुठे किती सरकायचे हे सांगणाऱ्या आज्ञांची यादी. त्या बाहूच्या टोकाला वितळलेले प्लॅस्टिक सोडणारी चोच असते. ती चोच काढून तेथे पिपेट बसवले, की झाला द्रव वाटणारा रोबो. खाचांतील अंतर ९ मिलिमीटर हे जगभर ठरलेलेच आहे. पहिली खाच कुठे आहे एवढे यंत्राला शिकवले, की उरलेल्या पंचाण्णव त्याला गणिताने सापडतात.

ही कल्पना अनेकांना सुचली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २०१० साली सुरू झालेल्या जेनस्पेस या सामुदायिक प्रयोगशाळेत जमणाऱ्या मंडळींतून ओपनट्रॉन्स हा उपक्रम उभा राहिला. २०१४ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली आणि सुमारे सव्वा लाख डॉलर जमले. त्यांच्या पहिल्या यंत्राची युक्ती साधी होती. प्रयोगशाळेच्या कपाटातील नेहमीचे हातपिपेटच यंत्राच्या बाहूत अडकवायचे आणि अंगठ्याऐवजी मोटरने खटका दाबायचा. त्यांच्या पुढच्या यंत्राची किंमत आरंभी चार-पाच हजार डॉलरच्या घरात होती. त्या प्रकारच्या प्रस्थापित यंत्रांना याच्या कितीतरी पट पैसे पडत.

इतरांनी याहून पुढचे पाऊल टाकले. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने मुलांच्या खेळण्यातील लेगोच्या तुकड्यांतून द्रव वाटणारे रोबो तयार करून त्यांचे आराखडे प्रसिद्ध केले. शाळकरी मुलांकडून ते वापरूनही घेतले. जर्मनीतील माइन्त्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली फिंडस नावाचा थ्रीडी छपाईने करता येणारा रोबो मांडला. त्याच्या सामग्रीचा खर्च ४०० डॉलरच्या आत होता. आजच्या हिशेबाने हे पस्तीस हजार रुपयांच्या आसपास होतात. आपल्याकडे महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाला याहून अधिक खर्च होतो.

२०२० ची परीक्षा

हे सारे हौशी मंडळींचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. पण २०२० साली त्यांची खरी परीक्षा झाली. कोविडची आरटीपीसीआर चाचणी म्हणजे मुळात द्रव वाटण्याचेच काम. नमुना घ्या, विषाणूचे आवरण फोडा, त्यातील आरएनए वेगळे करा, धुवा, अभिकर्मकांत मिसळा. प्रत्येक टप्प्यावर पिपेट. नमुन्यांचे डोंगर साचू लागले, तेव्हा अंगठे कमी पडू लागले.

स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिक या रुग्णालयाने ओपनट्रॉन्सचे रोबो मांडून तपासणीची साखळी उभी केली. आपण काय केले, यंत्राला कोणत्या आज्ञा दिल्या, हे सारे त्यांनी प्रसिद्धही केले. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२० मध्ये याच यंत्रांच्या बळावर एक स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे एका चाचणीचा खर्च तीस डॉलरच्या आत ठेवण्याचा आणि एक-दोन दिवसांत निकाल देण्याचा संकल्प होता.

त्या वर्षी भारतानेही जे केले, ते लहान नव्हते. जानेवारीत पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हाच देशाच्या कोविड तपासणीचा आधार होता. पुढील काही महिन्यांत शेकडो प्रयोगशाळा या कामास जोडल्या गेल्या. २७ जुलै २०२० रोजी नोएडा, मुंबई आणि कोलकाता येथे अतिवेगवान तपासणी केंद्रे सुरू झाली. प्रत्येक केंद्राची क्षमता दिवसाला दहा हजारांहून अधिक नमुन्यांची होती. अशा केंद्रांची गरज होतीच आणि पुढेही राहील. परंतु मोठे यंत्र महानगरात बसते. जिल्ह्याच्या ठिकाणचा नमुना बर्फात घालून, गाडीत ठेवून त्याच्याकडे न्यावा लागतो. मोठे धरण बांधले म्हणून गावची विहीर बुजवायची नसते. दिवसाला दोन-तीनशे नमुने पाहणाऱ्या जिल्हा प्रयोगशाळेला दहा हजारांचे यंत्र परवडत नाही आणि नुसत्या अंगठ्यांवरही भागत नाही. ही मधली जागा आपल्याकडे रिकामी आहे आणि स्वस्त मुक्त रोबो नेमका तेथेच बसतो.

तीन आक्षेप

या विचारावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. ते रास्त आहेत, म्हणून त्यांना सरळ उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप अचूकतेचा. घरी जुळवलेल्या यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर असे की विश्वास ठेवूच नये, मोजून पाहावे. आणि मोजण्याची रीत दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजण्याजोगी आहे. एक मायक्रोलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक मिलिग्रॅम भरते. यंत्राला शंभर मायक्रोलिटर पाणी संवेदनशील तराजूवरील भांड्यात सोडायला सांगावे आणि वजन टिपावे. असे दहा वेळा करावे. सरासरी शंभराच्या किती जवळ आली आणि दहा आकड्यांत आपसांत किती तफावत पडली, हे दोन आकडे यंत्राची लायकी सांगतात. पिपेटसाठीचे आयएसओ ८६५५ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण याच रीतीवर उभे आहे. शंभर मायक्रोलिटरच्या पिपेटची सरासरी चूक ०.८ मायक्रोलिटरपेक्षा अधिक नसावी, अशी त्याची अपेक्षा आहे. महागड्या यंत्रालाही ही परीक्षा चुकलेली नाही. ग्लिसरॉलसारखा दाट द्रव हळू ओढावा लागतो, लहान थेंब बाष्पीभवनाने आटतो, टिप सैल बसली तर हवा शिरते, या अडचणी दोन्हींना सारख्याच आहेत. फरक इतकाच, की मुक्त यंत्रात त्या आपल्याला दिसतात आणि दूर करता येतात. रुग्णाच्या अहवालासाठी असे यंत्र वापरायचे, तर रीतसर प्रमाणीकरण झाल्यावाचून वापरू नये, याविषयी दुमत असू नये. अध्यापन आणि संशोधन येथून आरंभ करावा.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. आपल्याकडे हातांची वाण नाही, मग रोबो कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पूर्ण करून हजारो तरुण-तरुणी पोट भरतात. पण या रोबोचा उद्देश मजुरी वाचवण्याचा नाहीच. २०१६ साली नेचर या नियतकालिकाने १५७६ संशोधकांना प्रश्न विचारले. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी, दुसऱ्याचा प्रयोग आपण करून पाहिला तेव्हा तो जमला नाही, अशी कबुली दिली. याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक असे, की हाताने केलेल्या कृतीतील बारकावे कागदावर उतरत नाहीत. रोबोला मात्र प्रत्येक हालचाल लिहूनच द्यावी लागते. ती लिहिलेली कृती नांदेडहून नाशिकला पाठवली, की तेथेही त्याच क्रमाने, त्याच वेगाने पार पडते. ज्ञान अशा रीतीने हस्तांतरित होते. आणि तंत्रज्ञाचे काय? जो आज यंत्रासारखा राबतो, तो उद्या यंत्र चालवील, तपासील, सुधारील. अंगठा झिजवणे हे काही कौशल्य नव्हे. माणसाला यंत्राचे काम करायला लावणे, यात माणसाचा सन्मानही नाही. मात्र हे आपोआप घडणार नाही. तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात यंत्राची जुळणी आणि साध्या आज्ञा लिहिणे यांचा समावेश झाला, तरच ते घडेल. तसे न करता रोबो आणले, तर हा आक्षेप खरा ठरेल आणि दोष आपला असेल.

तिसरा आक्षेप स्वदेशीच्या बाजूने येतो आणि तो आपल्या वाचकांच्या मनात आधीच आला असेल. हे आराखडेही परदेशीच ना? मग एक परदेशी यंत्र टाकून दुसरे घेतले, यात कसला स्वाभिमान? हा आक्षेप अर्धा खरा आहे. कोणाच्या संकेतस्थळावर जाऊन तयार मुक्त-स्रोत रोबो मागवला आणि पेटीतून काढून ओट्यावर ठेवला, तर आपण पुन्हा ग्राहकच राहिलो. शिवाय मुक्त विचारातून उगवलेली कंपनीही अखेर कंपनीच असते. ओपनट्रॉन्समध्ये २०२१ साली सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने २० कोटी डॉलरची गुंतवणूक झाली आणि २०२३ साली आलेले त्यांचे नवे यंत्र आधीच्यापेक्षा कितीतरी महाग आहे. हा त्यांच्यावर आरोप नव्हे, तो व्यापाराचा स्वभाव आहे. पण बंद यंत्र आणि मुक्त आराखडा यांत एक मूलगामी भेद आहे. कंपनीने उद्या किंमत वाढवली, धंदा बदलला किंवा दुकान मिटले, तरी एकदा जगाला दिलेला आराखडा परत घेता येत नाही. तो ज्याने समजून घेतला, त्याचा झाला. ज्ञान बाहेरून आले म्हणून ते परके राहत नाही. आपण त्यात भर घातली नाही, तरच ते परके राहते.

भर घालण्याची ताकद आपल्यात आहे, याचा पुरावा नारायणगावजवळ खोडद येथे उभा आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांना परदेशी धाटणीच्या जड, महाग तबकड्या परवडणार नव्हत्या. त्यांनी तारांची जाळी आणि ताणलेले दोर यांतून ४५ मीटर व्यासाच्या हलक्या तबकड्यांची रचना केली. अशा तीस तबकड्यांची ती महादुर्बीण आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात. विचार जगाचा, रचना आपली आणि फळ सर्वांचे. स्वदेशीचा याहून नेमका अर्थ कोणता सांगावा?

आपल्या गावात काय करता येईल?

आता कृतीविषयी बोलू, कारण कृतीशिवाय विचार वांझ असतो.

यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हे त्याचे सूत्र. २००२ साली तेथे एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेरची ती पहिलीच. म्हणजे जगात ज्या चळवळीचा आज बोलबाला आहे, तिचे एक आद्य स्थान शिरूर तालुक्यातील एक खेडे आहे. २०१६ पासून देशातील दहा हजारांहून अधिक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत आणि त्यांत थ्रीडी प्रिंटर आहेत. साधने आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एवढीच उणीव आहे.

आपल्या जिल्ह्याच्या गावांत औषधनिर्माणशास्त्राचे किंवा जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय असते आणि त्याच रस्त्यावर तंत्रनिकेतन असते. एकाला द्रव वाटायचे आहेत, दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षासाठी प्रकल्प हवा आहे. आज ते विद्यार्थी पुष्कळदा बाजारातून तयार प्रकल्प विकत आणतात, हे आपण सारे जाणतो आणि डोळेझाक करतो. दोन प्राचार्यांनी एकत्र बसून ठरवले, तर एका वर्षात एक रोबो उभा राहील. पहिला वेडावाकडा चालेल. दुसऱ्या वर्षीची तुकडी तो सुधारील. तिसऱ्या वर्षी तो तराजूच्या परीक्षेत उतरेल. या तीन वर्षांत दोन्ही महाविद्यालयांतील मुले जे शिकतील, ते कोणत्याही खरेदीच्या निविदेतून मिळणारे नाही.

विद्यापीठांनी एवढेच करावे, की असे चाचणी उतरलेले यंत्र आणि त्याचा नीट लिहिलेला आराखडा यांना शोधनिबंधाइतकेच महत्त्व द्यावे. आज यंत्र विकत आणणाऱ्या विभागाचे कौतुक होते आणि यंत्र बनवणारा शिक्षक बढतीच्या अर्जात ते कोणत्या रकान्यात लिहावे या विवंचनेत असतो. अनुदान देणाऱ्यांनी खरेदीबरोबर दुरुस्तीची तरतूद करावी आणि यंत्राचे झाकण उघडण्याचा अधिकार करारातच मागून घ्यावा.

आणि एक कर्तव्य आपले, जे कोणी सांगून होणारे नाही. मुक्त ज्ञान घेणाऱ्यावर ते परत करण्याचे ऋण असते. जुळणीच्या सूचना मराठीत लिहाव्यात. पुण्याच्या बाजारात कोणता पट्टा मिळाला, कोणती मोटर उन्हाळ्यात तापली, विजेचा दाब घसरला तेव्हा यंत्राने काय केले, हे टिपून ठेवावे आणि सर्वांना द्यावे. देशाला हे अपरिचित नाही. २००८ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयरोगासारख्या आजारांसाठी मुक्त-स्रोत औषधशोधाचा प्रकल्प आरंभला होता. वाटून घेतलेले ज्ञान घटत नाही, ही श्रद्धा आपल्याकडे जुनी आहे. ती आता यंत्राच्या बाबतीत आचरणात आणायची आहे.

त्या महाविद्यालयातील पांढरे कापड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कापडाखाली एक उत्तम यंत्र होते आणि शंभर पावलांवर ते दुरुस्त करू शकणारा माणूस होता. त्या दोघांमध्ये एक झाकण होते. ते उघडायला फार बळ लागत नाही. ते उघडण्याचा हक्क आपला आहे, असे आपल्याला वाटावे लागते. ज्या दिवशी आपल्या मुलांना तसे वाटू लागेल, त्या दिवशी ओट्यापाशी वाकलेली ती विद्यार्थिनी पाठ सरळ करील, पिपेट खाली ठेवील आणि पुढे कोणता प्रयोग करायचा याचा विचार करू लागेल. ती प्रयोगशाळेत आली होती, ती याच विचारासाठी.